नेटवर्क ब्रिजमधला वायफाय ॲडॅप्टर बदलताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

जुना ॲडॅप्टर काढून नवा बसवला, ड्रायव्हर बसला, संगणकावर इंटरनेटही सुरू झाले; पण त्याच संगणकाला केबलने जोडलेला प्रिंटर किंवा टीव्ही मात्र नेटवर्कवर दिसेनासा झाला. घरगुती ब्रिजच्या (संगणकाची वायफाय आणि लॅन जोडणी सांधून केबलमागच्या उपकरणालाही घरच्या नेटवर्कवर आणणाऱ्या सोयीच्या) बाबतीत ही तक्रार इतक्या वेळा येते की दोष नव्या ॲडॅप्टरचा असावा असे वाटू लागते. बहुतेक वेळा दोष कामाच्या क्रमात असतो. विंडोजचा नेटवर्क ब्रिज एका ठरावीक ॲडॅप्टरशी बांधलेला असतो, आणि त्या जागी दुसरा ॲडॅप्टर आला म्हणून ब्रिज त्याला आपोआप सामावून घेत नाही. म्हणून आधी ब्रिज मोडणे, मग ॲडॅप्टर बदलणे, नवा ॲडॅप्टर एकटा नीट चालतो याची खात्री करणे आणि त्यानंतरच ब्रिज पुन्हा बांधणे, हा क्रम सोडू नये.

येथे गृहीत धरलेली मांडणी अशी आहे: राउटर हॉलमध्ये आहे, विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक आतल्या खोलीत आहे, तो राउटरशी वायफायने जोडलेला आहे, आणि त्याच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल वायफाय नसलेल्या दुसऱ्या उपकरणात गेली आहे. आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. त्या टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे आणि अंक वापरावेत. सर्व कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर खाते लागते.

तयारी: संगणक उघडण्यापूर्वी

ब्रिज पुसला की त्याच्या आयपी सेटिंग्जही पुसल्या जातात आणि नवा ब्रिज कोऱ्या पाटीने सुरू होतो. त्यामुळे पहिले काम नोंदीचे. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा द्यावी आणि आलेल्या माहितीतून ब्रिजचा आयपीव्ही४ पत्ता, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे, डीएनएस सर्व्हर आणि डीएचसीपी (राउटरकडून आयपी पत्ता आपोआप मिळण्याची सोय) सुरू आहे की बंद, एवढे कागदावर उतरवावे. ब्रिज आणि जुना वायफाय ॲडॅप्टर या दोघांचे फिजिकल ॲड्रेसही (नेटवर्कवर ओळख पटवणारे हार्डवेअर क्रमांक, म्हणजेच मॅक पत्ते) वेगवेगळे लिहावेत. पुढे राउटरमध्ये बदल करताना याच दोन नोंदींची गल्लत होते. मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो, मात्र ही माहिती त्याच संगणकावरच्या फाइलमध्ये ठेवून निश्चिंत होऊ नये.

वायफायचा पासवर्ड हाताशी असावा. ‘संगणकाला तो माहीत आहे’ हे उत्तर येथे चालत नाही, कारण विंडोज जतन केलेली वायफाय प्रोफाइल त्या-त्या ॲडॅप्टरच्या नावे ठेवते आणि नव्या ॲडॅप्टरला पासवर्ड पुन्हा विचारला जातो.

नव्या ॲडॅप्टरचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेवावा. काही यूएसबी ॲडॅप्टर स्वतःच्या पोटातच ड्रायव्हर घेऊन येतात आणि प्रथम जोडल्यावर सीडी ड्राइव्हसारखे दिसतात. तरीही उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर जवळ असलेला बरा. अडचणीच्या वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेथरिंगवर इंटरनेट घेता येते, पण त्यामुळे यादीत आणखी एक नेटवर्क ॲडॅप्टर उभा राहतो हे ध्यानात ठेवावे आणि ब्रिज बांधण्यापूर्वी टेथरिंग बंद करावे.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. मदरबोर्डवर एम.२ प्रकारचे वायफाय कार्ड असेल, तर इंटेलची एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही कार्डे फक्त सीएनव्हीआय (वायफायचा काही भाग कार्डाऐवजी इंटेलच्या चिपसेट किंवा प्रोसेसरमध्ये ठेवणारी रचना) सुविधा असलेल्या इंटेलच्या मदरबोर्डवरच चालतात. एएक्स २०० आणि एएक्स २१० ही साधी पीसीआय एक्सप्रेस कार्डे आहेत. खाचेत बसते म्हणून चालेलच असे नाही. दुसरे, ॲडॅप्टर केवळ २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्याला दिसणारच नाही. स्वस्तातल्या लहान यूएसबी ॲडॅप्टरच्या बाबतीत हे हमखास घडते.

शेवटी राउटरच्या पानावर जाऊन मॅक फिल्टर (फिजिकल ॲड्रेस पाहून ठरावीक उपकरणांनाच जोडू देणारी सोय) सुरू आहे का आणि या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला आहे का, हे पाहावे. दोन्हीपैकी काही नसेल तर उत्तम, पुढचे काम हलके होते.

इशारा: हे काम दूरस्थ नियंत्रणातून करू नये. परदेशातली मुले नाशिक-साताऱ्यातल्या आईवडिलांचा संगणक अशाच पद्धतीने दुरुस्त करून देतात, पण येथे दुसऱ्या टप्प्याआधीच जोडणी तुटते आणि पलीकडच्या माणसासमोर अर्धवट मोडलेले नेटवर्क उरते. फोनवर बोलत, समोरच्याकडून एकेक पायरी करून घेणे हाच मार्ग.

१. ब्रिज मोडणे

विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘एनसीपीए.सीपीएल’ असे लिहावे. नेटवर्क कनेक्शन्सची जुन्या धाटणीची विंडो उघडते आणि पुढची बरीचशी कामे तिथेच होतात. वायफाय ॲडॅप्टरवर राइट क्लिक करून ‘रिमूव्ह फ्रॉम ब्रिज’ निवडावे, मग लॅन ॲडॅप्टरसाठी तेच करावे. यानंतरही ‘नेटवर्क ब्रिज’ हे चिन्ह उरलेच, तर त्यावर राइट क्लिक करून ‘डिलीट’ करावे.

पुष्कळ जण फक्त वायफाय ॲडॅप्टर बाहेर काढतात आणि लॅन एकटाच आत ठेवून ब्रिज शाबूत ठेवतात; पुढे नवा ॲडॅप्टर ‘ॲड टू ब्रिज’ करून घालता येईल, असा हिशेब असतो. तसे घालता येतेही. पण जुन्या ब्रिजला चिकटलेल्या सेटिंग्जमुळे नंतर काही बिघडले, तर खोट जुन्या भागात आहे की नव्या, हे ओळखणे अवघड होऊन बसते. दोन मिनिटे वाचवण्यासाठी हा गुंता ओढवून घेण्यात अर्थ नाही.

जुना ॲडॅप्टर आधीच निकामी झाला असेल, तर तो या विंडोत दिसणारच नाही. अशा वेळी उरलेला लॅन ॲडॅप्टर बाहेर काढून ब्रिज पुसावा.

तपासणी: विंडोत ब्रिजचे नाव उरलेले नसावे. लॅन ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी आवृत्ती ४ समोरची खूण परत आलेली दिसली पाहिजे. ॲडॅप्टर ब्रिजमध्ये असताना ही खूण निघालेली असते, कारण तेव्हा आयपी पत्ता ब्रिजकडे असतो.

२. जुन्या ॲडॅप्टरची नोंद पुसणे

ही पायरी सर्वाधिक गाळली जाते. ॲडॅप्टर नुसता उपसला तर विंडोज त्याची नोंद टाकून देत नाही; ती नजरेआड राहते, नाव अडवून बसते आणि त्या ॲडॅप्टरला कधी ठरावीक आयपी पत्ता दिलेला असेल तर तो पत्ताही सोडत नाही. नंतर तोच पत्ता दुसरीकडे द्यायला गेल्यावर, हा पत्ता संगणकात आता नसलेल्या दुसऱ्या ॲडॅप्टरला आधीच दिलेला आहे, अशा अर्थाचा संदेश येतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो. नव्या ॲडॅप्टरचे नाव ‘वायफाय २’ किंवा ‘वायफाय ३’ असे येण्यामागेही हेच कारण असते.

म्हणून जुना ॲडॅप्टर जागेवर असतानाच डिव्हाइस मॅनेजर उघडावा, नेटवर्क ॲडॅप्टर्सच्या यादीत त्यावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या पर्यायावर खूण करावी. तो ॲडॅप्टर आधीच काढून झाला असेल, तर ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडावे. फिक्कट चिन्हाने दिसणारी जुनी नोंद मग पुसता येते. त्या यादीत ‘वॅन मिनीपोर्ट’ अशी नावे असलेल्या अनेक नोंदी दिसतील. त्या विंडोजच्या स्वतःच्या आहेत, साफसफाईच्या उत्साहात त्यांना हात लावू नये.

नोंद पुसल्यावर संगणक लगेच पुन्हा सुरू करू नये. जुना ॲडॅप्टर जागेवरच असेल तर विंडोज तो पुन्हा ओळखून नोंद नव्याने तयार करते.

३. ॲडॅप्टर बदलणे

शिफ्ट बटण दाबून धरत ‘शट डाउन’ निवडावे. फास्ट स्टार्टअप सुरू असताना साध्या शट डाउनने विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, शिफ्टसह केल्यास होते.

यूएसबी ॲडॅप्टर असेल तर काढणे-घालणे सोपे आहे, फक्त जागा नीट निवडावी. यूएसबी ३ च्या जोडण्यांमधून निर्माण होणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. ॲडॅप्टरच्या शेजारच्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर दोघांत अंतर ठेवावे. लहानशी एक्स्टेन्शन केबल लावून ॲडॅप्टर कॅबिनेटच्या पाठीमागून वर, टेबलावर आणला की सिग्नलमध्ये लगेच फरक जाणवतो.

आतले कार्ड असेल तर एसएमपीएसचे मागचे बटण बंद करावे, पॉवर केबल काढावी, मग संगणकाचे पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला वीजभार जाऊ द्यावा. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि मगच कार्डाला हात घालावा.

एम.२ कार्डावरची अँटेनाची दोन बारीक टोके हे या कामातले सर्वांत नाजूक ठिकाण. तांदळाच्या दाण्याहून लहान असलेले ते गोल धातूचे टोक सरळ वर उचलायचे असते. वायर धरून तिरके ओढले की टोक वायरीपासून सुटते किंवा कार्डावरची खुंटी वाकते. नव्या कार्डावर बसवताना टोक खुंटीवर अगदी बरोबर आणून बोटाने हलकेच दाबावे, बारीकशी ‘टक्’ जाणवते. ती जाणवली नाही तर जोर वाढवू नये, टोक उचलून पुन्हा नेम धरावा. कार्ड बसवण्याआधी, हातात असतानाच टोके लावून घेतली तर काम सोपे होते.

पीसीआय एक्सप्रेसचे लहान कार्ड मोठ्या खाचेतही चालते. अशा कार्डावरचे ब्लूटूथ मात्र वेगळ्या वायरीने मदरबोर्डच्या आतल्या यूएसबी पिनांना जोडावे लागते. ती वायर खोक्यातच राहून जाते आणि मग ‘वायफाय चालते, ब्लूटूथ नाही’ अशी ओरड होते. मागच्या अँटेना घट्ट फिरवून बसवाव्यात. अँटेनाशिवायही राउटर जवळ असल्यास थोडाफार सिग्नल मिळतो आणि त्यामुळे फसगत होते.

४. नवा ॲडॅप्टर एकटा तपासणे

संगणक सुरू करून ड्रायव्हर बसवावा, एकदा रीस्टार्ट करावा आणि घरच्या वायफायला जोडावे. जोडताना ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ या पर्यायावर खूण असलीच पाहिजे. याच नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ सुरू असेल तर ते बंद करावे, नाहीतर राउटरच्या मॅक फिल्टरला हा संगणक ओळखता येणार नाही. मॅक फिल्टर वापरात असेल तर नव्या ॲडॅप्टरचा फिजिकल ॲड्रेस आताच त्यात घालावा आणि जुना काढावा.

२.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क इतर उपकरणांना दिसते आणि फक्त नव्या ॲडॅप्टरला दिसत नाही, असे झाल्यास राउटरचे चॅनेल पाहावे. भारतात १३ पर्यंतची चॅनेल वापरता येतात, पण अमेरिकी बाजारासाठी बनलेले ॲडॅप्टर अनेकदा ११ च्या पुढे पाहत नाहीत. नातेवाइकांनी तिकडून आणून दिलेल्या ॲडॅप्टरबाबत ही शक्यता आधी तपासावी. राउटरवर १, ६ किंवा ११ हे चॅनेल निवडले की प्रश्न मिटतो.

तपासणी: ‘पिंग -एन २० १९२.१६८.१.१’ अशी आज्ञा द्यावी. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर कागदावरचा गेटवे लिहावा. वीसच्या वीस उत्तरे यायला हवीत. मधूनमधून उत्तर गळत असेल तर ब्रिजकडे वळू नये. जागा, अँटेना आणि ड्रायव्हर यांचाच विचार करावा. कच्च्या जोडणीवर बांधलेला ब्रिज कच्चाच राहतो, आणि तेव्हा दोष शोधायला दुप्पट वेळ लागतो.

५. ब्रिज पुन्हा बांधणे

पुन्हा नेटवर्क कनेक्शन्सची विंडो उघडावी. नव्या ॲडॅप्टरला ‘घर वायफाय’ यासारखे सहज ओळखू येणारे नाव द्यावे. कंट्रोल बटण दाबून धरत फक्त दोन चिन्हे निवडावीत, वायफाय आणि लॅन, आणि त्यांपैकी एकावर राइट क्लिक करून ‘ब्रिज कनेक्शन्स’ निवडावे. ब्लूटूथ, व्हीपीएन, व्हर्च्युअल मशीनचे ॲडॅप्टर यांपैकी काहीही चुकून निवडले गेले नाही ना, ते पाहावे.

इंटरनेट कनेक्शन शेअरिंगसाठी वापरात नसलेली किमान दोन कनेक्शन्स निवडा, अशा अर्थाचा संदेश आला, तर कुठल्यातरी ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘शेअरिंग’ टॅबवर खूण राहिली आहे. शेअरिंग आणि ब्रिज एकाच ॲडॅप्टरवर नांदत नाहीत; खूण काढून पुन्हा प्रयत्न करावा.

इशारा: संगणकाच्या लॅन पोर्टमधली केबल त्याच राउटरच्या लॅन पोर्टात जात असेल तर ब्रिज बांधू नये. वायफाय आणि केबल दोन्ही एकाच राउटरला पोहोचली की नेटवर्कमध्ये वेटोळे तयार होते आणि घरभरचे इंटरनेट अडखळू शकते. ब्रिजच्या केबलचे दुसरे टोक दुसऱ्या उपकरणातच असले पाहिजे.

६. ब्रिजच्या सेटिंग्ज

ब्रिज तयार होताना वायफाय काही क्षण तुटते आणि पत्ता मिळायला मिनिटभर लागू शकते. तेवढ्यात घाईने काही बदलू नये. पूर्वी ठरावीक आयपी पत्ता वापरला असेल तर तो आता ‘नेटवर्क ब्रिज’च्या प्रॉपर्टीजमध्ये भरावा, वायफायच्या नव्हे. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवण्याची सोय वापरत असाल तर नोंदीत ब्रिजचा फिजिकल ॲड्रेस हवा. मॅक फिल्टरसाठी ॲडॅप्टरचा, राखीव पत्त्यासाठी ब्रिजचा, हा फरक पक्का धरून ठेवावा.

बदललेली मांडणी विंडोज बहुधा नवे नेटवर्क समजते आणि त्याला ‘पब्लिक’ ठरवते. त्याबरोबर फाइल आणि प्रिंटर शेअरिंग बंद होते. सेटिंग्जमध्ये जाऊन हे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करावे.

७. कंपॅटिबिलिटी मोड

केबलमागचे उपकरण गप्प राहण्याचे खरे कारण बहुतेकदा येथे सापडते. वायफायवरचा राउटर केवळ आपल्याशी जोडलेल्या ॲडॅप्टरच्या फिजिकल ॲड्रेसवरून आलेली माहिती स्वीकारतो. ब्रिजमागच्या प्रिंटरचा पत्ता त्याच्या दृष्टीने परका असतो, आणि त्या पत्त्याने आलेली माहिती तो सरळ टाकून देतो. लॅनला लॅन जोडताना ही अडचण येत नाही. विंडोजचा कंपॅटिबिलिटी मोड मागच्या उपकरणांच्या वतीने वायफाय ॲडॅप्टरचाच पत्ता पुढे करतो आणि आलेली उत्तरे योग्य उपकरणाकडे वळवतो. जुन्या ॲडॅप्टरसाठी ही सेटिंग कोणीतरी कधीतरी करून ठेवलेली असते. ॲडॅप्टर बदलला की ती जाते.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा आणि ‘नेटएसएच ब्रिज शो ॲडॅप्टर’ ही आज्ञा द्यावी. पहिला शब्द एन, ई, टी, एस, एच अशा पाच अक्षरांचा आहे. ब्रिजमधल्या ॲडॅप्टरची यादी क्रमांकासह दिसते आणि शेवटच्या रकान्यात हा मोड सुरू आहे की नाही ते कळते. वायफायचा क्रमांक २ असेल तर पुढची आज्ञा ‘नेटएसएच ब्रिज सेट ॲडॅप्टर २ फोर्सकॉम्पॅटमोड=इनेबल’ अशी होते. ‘फोर्सकॉम्पॅटमोड’ हा एकच सलग शब्द आहे आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही.

क्रमांक कुठूनतरी वाचून किंवा मागच्या वेळचा आठवून टाकू नये. ब्रिज नव्याने बांधला की क्रमांक बदलू शकतो, आणि लॅनवर मोड लावून वायफाय तसाच ठेवणे ही अगदी नेहमीची चूक आहे. आज्ञेनंतर ब्रिज एकदा ‘डिसेबल’ करून पुन्हा ‘इनेबल’ करावा आणि यादी परत पाहावी.

८. केबलमागच्या उपकरणाची तपासणी

आता ते उपकरण बंद करून सुरू करावे. त्याला मिळालेला पत्ता राउटरच्या मालिकेतला असावा, म्हणजे राउटर १९२.१६८.१.१ असेल तर उपकरणही १९२.१६८.१ ने सुरू होणारे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून काहीच मिळालेले नाही. तेव्हा सातव्या टप्प्यातला क्रमांक पुन्हा पाहावा. तो बरोबर असूनही पत्ता येत नसेल, तर राउटरच्या डीएचसीपी मर्यादेबाहेरचा एक मोकळा पत्ता उपकरणाला हाताने द्यावा. पत्ता देण्यापुरतीच अडचण असेल तर एवढ्याने काम भागते.

पिंग करायचे झाल्यास उपकरणावरून राउटरला करावे. दुसऱ्या संगणकावरून या संगणकाला पिंग करून उत्तर आले नाही म्हणून ब्रिज चुकला असा निष्कर्ष काढू नये, कारण विंडोजचा फायरवॉल बाहेरून आलेले पिंग एरवीही अडवतो.

सर्व सुरळीत झाल्यावर संगणक एकदा रीस्टार्ट करून कशालाही हात न लावता उपकरण चालते का, हे पाहिल्याशिवाय कॅबिनेट बंद करू नये. काही तासांनी जोडणी तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा काढून घ्यावी. संगणक झोपला की ब्रिजही झोपतो, त्यामुळे स्लीपची वेळही त्यानुसार ठेवावी.

तरीही ब्रिज चालला नाही तर

काही ॲडॅप्टरचे ड्रायव्हर ब्रिजशी जुळवून घेतच नाहीत, आणि त्यापुढे वेळ घालवण्यात हशील नाही. ब्रिज पुसून वायफाय ॲडॅप्टरच्या ‘शेअरिंग’ टॅबमधून इंटरनेट लॅनला द्यावे. लॅन पोर्टाला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता मिळतो आणि मागच्या उपकरणाला त्याच मालिकेतला. टीव्हीसाठी हे पुरेसे आहे. प्रिंटरसाठी नाही, कारण तो घरातल्या इतर मोबाइल-संगणकांपेक्षा वेगळ्या नेटवर्कवर जातो आणि त्यांना दिसत नाही. त्याच्यासाठी हा संगणक चालू ठेवून विंडोजमधून प्रिंटर शेअर करणे किंवा राउटरपर्यंत केबल ओढणे हेच दोन मार्ग उरतात.